आत काय आहे?

पोस्टाच्या खिडकीपलीकडून प्रश्न येतो, "आत काय आहे?" मागे रांग, आणि आपण मोठ्यानं सांगायचं. मुलीला परदेशी मेतकूट, भाजणी पाठवताना मीही सांगत आलोय. मेतकुटाचं काही नाही हो, पण त्याच रांगेत कुणी औषधं पाठवणारा असतो. त्यानं काय करावं?

या प्रश्नामागं १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा होता. कलम १९ प्रमाणे स्फोटक, घातक वस्तूंना मनाई. ती रास्तच, थैली वाहणाऱ्या हरकाऱ्याचा जीव आहे. कलम ६४ प्रमाणे, जिथं मजकूर जाहीर करावा लागतो तिथं जाणूनबुजून खोटं लिहिलं तर २०० रुपयांपर्यंत दंड, सरकारला फसवायला लिहिलं तर ५००. पण त्याच कायद्यात कलम २६ही होतं : सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकारनं टपाल अडवायचं. हरकाऱ्याची काळजी आणि राज्यकर्त्यांची भीती, दोन्ही एकाच पुस्तिकेत!

आता १९०९ पाहा. सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर छापून होण्याआधीच बंदी. हॉलंडमध्ये छापलेल्या प्रती हिंदुस्थानात आल्या त्या 'पिकविक पेपर्स'सारख्या पुस्तकांची खोटी वेष्टनं घालून. कांट म्हणेल, खोटं ते खोटंच. १७९७ च्या निबंधात तो दारात आलेल्या खुन्याशीसुद्धा खोटं बोलू देत नाही. आयुष्यभर कांट शिकवला मी, पण इथं माझं त्याच्याशी जमत नाही. स्फोटकं लपवणारा हरकाऱ्याचा जीव धोक्यात घालतो. या वेष्टनांनी फसलं ते सरकार.

२०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ ला लागू झाला. टपाल अडवण्याचा अधिकार त्यातही आहे, कलम ९ मध्ये. माझं मेतकूट मात्र अजून कुणी अडवलेलं नाही.