नोंदवहीत न दिसणारं यश

सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हर पडला की सगळे धावतात. तो पडू नये म्हणून राबणारा कुणाला आठवत नाही. म्हणूनच मला 'मॅक' जहाजांबद्दल आपुलकी वाटते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला धान्य आणि तेल अटलांटिक ओलांडून यायचं. भर समुद्रात किनाऱ्यावरच्या विमानांचं संरक्षण अपुरं पडे आणि जर्मन पाणबुड्या नेमक्या तिथेच टपलेल्या असत. १९४३ पासून १९ मालवाहू जहाजांवर धावपट्टी बसवली गेली. त्यातली ६ धान्याची, १३ तेलाची. पोटात माल जवळपास नेहमीइतकाच, वर तीन-चार स्वॉर्डफिश, म्हणजे कापडाने मढवलेली, दुहेरी पंखांची संथ विमानं. कप्तान व्यापारी जहाजांवरचा, वैमानिक आरमाराचे.

या विमानांनी शत्रूची एकही पाणबुडी बुडवल्याची नोंद नाही. बुडवली ती एकच, जुलै १९४४ मध्ये, चुकून. ती मित्रपक्षाची 'ला पेर्ल' ही फ्रेंच पाणबुडी होती. तिच्यावरचा एकच जण वाचला.

मग ही जहाजं फुकट गेली? नाही. विमान दिसलं की पाणबुडीला बुडी मारावी लागे. पाण्याखाली तिचा वेग इतका घटे, की ताफा पुढे निघून जाई. चूक तारखेसकट नोंदली गेली. टळलेल्या हल्ल्यांना मात्र तारीखच नसते.