जपानमध्ये लाल मिरची वाळवणे : तोयोसुच्या घरात वर्षाची साठवण



चैत्र-वैशाख आला की ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या आणायच्या, गच्चीवर जुनी साडी अंथरून त्यांना चार कडक उन्हं दाखवायची, देठ काढायचे आणि कांडपाला द्यायच्या. हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिले आहे. तोयोसुत गच्ची हाताशी नाही आणि कांडपयंत्रही नाही. तरीही घरच्या तिखटाची बरणी इथे भरता येते. दोन-तीन हंगामांच्या चुकांतून आम्ही जे शिकलो ते इथे एकत्र देत आहोत.

आधी एक फरक लक्षात घ्या

गावी आपण बाजारातून वाळलेलीच मिरची आणतो आणि तिला फक्त ऊन दाखवतो. इथे सुरुवात ताज्या, ओल्या मिरचीपासून होते. ताज्या लाल मिरचीत तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणी असते, आणि साठवणीसाठी ते दहा टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. एक किलोची साधारण पाव ते तीनशे ग्रॅम मिरची उरते. म्हणजे आपले काम गृहिणीचे कमी आणि नंदुरबारच्या व्यापाऱ्याचे जास्त आहे. तिथे ओली लाल मिरची मोकळ्या मैदानात पथारीवर पसरून वाळवतात, आणि अवकाळी पाऊस आला तर डोळ्यांदेखत माल खराब होतो.

चूक पंचांगाची

पहिल्या वर्षी आम्ही सप्टेंबरात दोन किलो ताज्या मिरच्या आणल्या आणि बाल्कनीत ताटांत पसरल्या. दोन दिवस ऊन, मग चार दिवस रिपरिप. आठव्या दिवशी देठांशी पांढुरकी बुरशी दिसली. सगळ्या फेकाव्या लागल्या.

टोकियोची १९९१ ते २०२० ची सरासरी पाहिली तेव्हा कारण कळले. सप्टेंबरात सुमारे २२५ आणि ऑक्टोबरात सुमारे २३५ मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षातले सर्वांत ओले महिने हेच, आणि मिरची पिकून बाजारात येते तीही याच सुमारास. जून-जुलैत 'त्सुयु'चा पावसाळा असतो. ऑगस्टमध्ये ऊन कडक असले तरी हवा दमट. याउलट डिसेंबर-जानेवारीत पाऊस महिन्याला ६० मिलिमीटरच्या आत असतो, आणि जानेवारीतली सरासरी आर्द्रता ५१ टक्के असते. सप्टेंबरात ती ७५ टक्के असते.

थोडक्यात, मिरची नुसत्या उन्हाने वाळत नाही, कोरड्या हवेने वाळते. टोकियोतले वाळवणाचे दिवस म्हणजे नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. थंडी वाजत असली तरी मिरची वाळते!

कोणती मिरची घ्यावी

जपानमध्ये मिरचीला 'तोगाराशी' म्हणतात. सुक्या मिरचीसाठी सर्वांत परिचित जात 'ताकानोत्सुमे', म्हणजे ससाण्याची नखी. ती बारीक, पातळ सालीची आणि तिखट असते, त्यामुळे लवकर वाळते. 'शिशितो' सौम्य आणि 'मांगांजी' जाड गराची. या दोन्ही तिखटासाठी उपयोगाच्या नाहीत.

मिरची इथल्या मातीला परकी नाही. एदो काळात आजच्या शिंजुकु परिसरात 'नाइतो तोगाराशी' मोठ्या प्रमाणात पिकत असे. गोव्याप्रमाणे इथेही मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली असे मानले जाते.

रंग हवा असेल तर ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची भारतीय दुकानातून सुकीच घ्यावी आणि घरच्या तिखट मिरचीत मिसळावी. भारतातून ताज्या मिरच्या सामानात आणू नयेत. जपानचे वनस्पती तपासणीचे नियम कडक आहेत.

वाळवण्याची कृती

१. मिरच्या धुऊन फडक्याने पुसून घ्या. पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. पाण्याचा थेंबही राहू नये.

२. डागाळलेल्या, मऊ पडलेल्या मिरच्या बाजूला काढून त्या आठवड्यातच वापरून टाका.

३. देठ काढू नका. देठ काढला की तिथून ओल आणि किडे आत शिरतात. फक्त जाड मिरचीला उभी चीर द्या.

४. शंभर येनच्या दुकानात मासे-भाज्या वाळवायची टांगती जाळी मिळते, तिला 'होशिआमि' म्हणतात. तिच्यात एकच थर पसरा. पक्ष्यांना तिखट लागत नाही, म्हणून जाळी हवीच.

५. सकाळी नऊनंतर बाहेर, दुपारी तीन-साडेतीनला आत. रात्रीचे दव लागू देऊ नका.

६. रोज एकदा हलवा. बारीक मिरचीला कोरड्या हवेत दोन-तीन आठवडे लागतात.

कुंडीत रोप लावले असेल तर नोव्हेंबरात ते मुळासकट उपटून घरात, वारा खेळेल अशा जागी, उलटे टांगावे. इथले शेतकरीही असेच करतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या मिरच्यांसाठी यंत्राचीच मदत घ्यावी. भाज्या सुकवायच्या यंत्रात ५५ ते ६० अंशांवर, उभ्या चिरलेल्या मिरच्या साधारण आठ ते बारा तासांत वाळतात. ओव्हन असेल तर १०० अंशांवर वीस-वीस मिनिटे ठेवा, मध्ये दार उघडून वाफ जाऊ द्या, आणि रंग काळपट होऊ लागला की थांबा. मायक्रोवेव्ह वापरू नका. मिरची आतून जळते आणि घरभर ठसका लागतो.

बाल्कनीचे नियम

तोयोसुच्या उंच इमारतींत हा भाग विसरून चालणार नाही. बऱ्याच इमारतींत कठड्यावर काहीही टांगायला मनाई असते, काही ठिकाणी कपडेही बाहेर वाळवता येत नाहीत. खाडीवरचा वारा जोराचा असतो, आणि विसाव्या मजल्यावरून पडलेली जाळी खाली कुणाच्या डोक्यात बसू शकते. शेजारच्या बाल्कनीकडची पातळ भिंत आणि जमिनीवरचे शिडीचे झाकण ही आगीच्या वेळी सुटकेची वाट असते. तिथे ताट, स्टूल काहीही ठेवू नये. आधी इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारा. परवानगी नसेल तर दक्षिणेच्या खिडकीत आतून जाळी टांगा आणि खोलीत ओलावा शोषणारे यंत्र किंवा पंखा चालू ठेवा. आमच्यापैकी दोन घरांत असेच वाळवण होते.

वाळली हे कसे ओळखावे

मिरची हलवली की बिया खुळखुळतात आणि वाकवली की कडकन मोडते. चामड्यासारखी वाकली तर ती अजून ओली आहे. खात्रीसाठी मिरच्या दोन दिवस काचेच्या बरणीत बंद करा. काचेवर आतून दमटपणा दिसला तर पुन्हा वाळवा.

बुरशी आलेली मिरची पुसून किंवा तळून वापरू नये. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. दोन किलो मिरची फेकताना जीव कळवळतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण फेकावीच.

साठवण

* किडीची शंका असेल तर वाळलेली मिरची हवाबंद पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.
* नंतर काचेच्या बरणीत भरा. आजीचा हिंगाचा खडा आहेच, सोबत ओलावा शोषणारी पुडीही टाका.
* जून ते सप्टेंबर बरणी फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर काढल्यावर घरातल्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर मिरचीवर पाणी धरते.
* तिखट एकदम वर्षाचे करू नका. कुटलेल्या मिरचीचा रंग आणि वास लवकर उतरतो. महिन्यापुरते मिक्सरमधून काढा आणि मिक्सरचे झाकण पाच मिनिटांनी उघडा.
* हातमोजे घाला. तरीही हात झोंबलेच तर आधी तेल चोळा, मग साबण लावा.

जानेवारीत एखादी स्वच्छ सकाळ पाहून उरलेल्या मिरच्यांना एकदा ऊन दाखवा. गावी जे काम वैशाखात होते, ते इथे संक्रांतीच्या सुमारास होते. तिळगुळाबरोबर घरच्या तिखटाची एक पुडी शेजाऱ्यांना द्यायलाही वेळ चांगली!

आपल्या घरी वाळवणाची वेगळी पद्धत असेल तर आम्हाला जरूर कळवा.