दुसऱ्याच्या हाती आपला पडदा

आमच्या टेबलावरच्या संगणकाचा बाण आपोआप हलू लागला की नातीला फार मजा वाटते. "आजोबा, भूत आलं!" म्हणून ओरडते. हे भूत म्हणजे पुण्यात बसलेला माझा भाचा. माझं काही अडलं की तो तिकडून माझ्या संगणकात शिरतो आणि निस्तरून देतो.

या भुताला घरात घ्यायला २००६ साली आम्हाला अडीच रविवार लागले होते. आता दीड मिनिट पुरतं. मधल्या वर्षांत काय झालं, आणि त्यात मी स्वतः कसा फसता फसता वाचलो, ते आज लिहितो.

लांबचा संगणक आपल्या पडद्यावर पाहायची कल्पना तशी जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने भरल्या सभागृहात ती करून दाखवली. त्याचा संगणक तिथून सुमारे ५० किलोमीटरवर, मेन्लो पार्कला. मध्ये सूक्ष्मलहरींचा दुवा. मेन्लो पार्कचा सहकारी आणि तो, दोघेही एकाच पडद्यावरचा मजकूर पाहत बोलत होते. माऊस लोकांना दाखवला तोही त्याच दिवशी. आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे जवळजवळ २७ वर्षांनी!

१९९८ हे साल मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी इंग्लंडात केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने व्हीएनसी नावाचा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट दिला. त्याचं काम समजायला सोपं आहे. इकडच्या पडद्याचं चित्र तिकडे पाठवायचं, नंतर फक्त जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा, आणि तिकडच्या माऊसच्या व कळफलकाच्या हालचाली इकडे आणायच्या. त्याच १९९८ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वारणेचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या गावांत संगणक ठेवायचे आणि ऊस उत्पादकाला त्याच्या उसाची माहिती गावातच मिळवून द्यायची, असा बेत होता. पुढे संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाचं तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर केलं, तर ते स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. सोपं असेल ते टिकतं, हा धडा तिथेही दिसला. पण सोपेपणाची दुसरी बाजूही असते. ती मला बरीच उशिरा कळली.

आता आमचे अडीच रविवार.

२००६ साली मी नोकरीतच होतो. घरी विंडोज एक्सपीचा संगणक होता आणि मराठी मजकुराच्या जागी मला नुसते चौकोन दिसत. भाचा म्हणाला, "मामा, मी इथूनच करून देतो. तुमच्या मशीनचा पत्ता सांगा." मी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तासभर खटपट करत राहिला, काही होईना.

चूक पत्त्यातच होती. पेठेतल्या एखाद्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत आणि आपण फक्त 'खोली नंबर ४' असा पत्ता द्यावा, तसं ते झालं. पोस्टमनला आधी वाड्याचा घर नंबर लागतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रं ठेवायची युक्ती निघाली. ती १९९४ साली मांडली गेली. म्हणून बाहेरचा पत्ता वेगळा शोधावा लागला. शिवाय मोडेमला सांगावं लागलं, की ३३८९ नंबरच्या दारावर टकटक झाली तर या खोलीकडे पाठव. एवढं करून मोडेम बंद करून चालू केला, तर बाहेरचा पत्ताच बदलला. पहिला रविवार तिथे संपला.

दुसऱ्या रविवारी पहाऱ्याशी गाठ. २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीची मोठी सुधारणा आली, तेव्हापासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू असे. तिला आम्ही समजावलं. पण विषाणूरोधकाबरोबर आणखी एक फायरवॉल मीच बसवली होती आणि साफ विसरलो होतो. तीही सापडली. तरी दार उघडेना. शेवटी भाच्याने विचारलं, "मामा, पासवर्ड काय ठेवलाय?" मी म्हटलं, "घरात आम्ही दोघंच, पासवर्ड कशाला?" तो कपाळावर हात मारून घेतल्यासारखा हसला. बिनपासवर्डच्या खात्यात एक्सपी बाहेरून कुणाला घेतच नसे. ती तिची शहाणपणाची गोष्ट होती, माझीच नव्हती.

पासवर्ड ठेवला, जोडणी झाली, आणि माझा पडदा बंद होऊन पासवर्डची खिडकी आली. मी पासवर्ड घालून आत गेलो, तर भाचा बाहेर फेकला गेला. तो आत आला की मी बाहेर. अशी रस्सीखेच अर्धा तास चालली. बिघाड कुठेच नव्हता. एक्सपीच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये एका वेळी एकालाच बसता येई. आम्हाला हवं होतं एकत्र पाहणं. तिसऱ्या रविवारी आम्ही व्हीएनसी घातलं, ५९०० नंबरचं दार मोकळं केलं आणि तासाभरात चौकोनांच्या जागी मराठी अक्षरं उमटली. प्रत्येक पायरीला तो फोनवर विचारत होता, "मामा, इथे क्लिक करू?" मी "कर" म्हटल्याशिवाय बाण हलत नव्हता.

पुढे हे सगळं सोपं होत गेलं. २००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर निघालं, २०१४ मध्ये एनीडेस्क. यांची युक्ती अशी, की दोन्ही संगणक आपणहून बाहेरच्या एका सर्व्हरशी बोलतात आणि तो दोघांची गाठ घालून देतो. पत्ता नको, मोडेमला सांगणं नको. पडद्यावर आलेला आकडा फोनवर सांगायचा आणि विचारलं की 'स्वीकारा' म्हणायचं. झालं!

हेच मग चोरांच्याही पथ्यावर पडलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं, की भामटे एनीडेस्क घ्यायला लावून लोकांच्या खात्यांवर डल्ला मारत आहेत.

ही बातमी मी वाचली होती. तरीसुद्धा गेल्या वर्षी फोन आला. "वीजबिल भरलेलं दिसत नाही, रात्री कनेक्शन तुटेल." बोलणारा इतका आदबीने 'काका, काका' करत होता की मी त्याने सांगितलेला प्रोग्रॅम उतरवला आणि आकडे वाचू लागलो. पडद्यावर परवानगीची खिडकी आली. तो म्हणाला, "वाचत बसू नका काका, हो म्हणा." तिथे माझा हात थांबला. आयुष्यभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' सांगत आलो, आणि हा मला वाचू नका म्हणतोय! वाचलं. माझा माऊस आणि कळफलक त्याच्या हाती द्यायची ती परवानगी होती. त्याच संगणकावर माझं बँकेचं काम चालतं. पेन्शन तिथेच जमा होते. मी सरळ इंटरनेटची वायर उपसली.

भाच्याला फोन लावला. तो रागावला नाही. तो प्रोग्रॅम काढून टाकायला लावला, दुसऱ्या यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदलायला लावला आणि बँकेला कळवायला सांगितलं. पैसे गेले असते तर लगेच १९३० वर फोन करायचा, हेही पाठ करून घेतलं. हा नंबर माझ्या वयाच्या वाचकांनी फोनशेजारी लिहून ठेवावा.

नंतर मला ते अडीच रविवार आठवत राहिले. तेव्हा आम्ही अडथळ्यांना वैतागलो होतो. पण दर अडथळ्यापाशी थांबून आपण कोणतं दार उघडतोय आणि कुणासाठी, हे मला कळत होतं. आता ते सगळे अडथळे इंजिनिअर मंडळींनी काढून टाकले. त्यांचे उपकारच आहेत, नाहीतर हा मजकूरही तुमच्यापर्यंत आला नसता. फक्त शेवटचा पहारा तेवढा आपल्यावर आला आहे.

म्हणून आता एक नियम केलाय. मदत हवी असली की फोन मी करायचा. कुणी आपणहून मदतीला आला, तर त्याला आकडा सांगायचा नाही, मग तो कितीही 'काका' म्हणो. आणि भाचा आत असेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही.

तो आजही विचारतो, "मामा, क्लिक करू?" नात शेजारून ओरडते, "कर!" तिला सांगितलंय, बाई, आधी काय लिहिलंय ते वाच, मग ओरड.