माळ्यावर होतं म्हणून राहिलं

परवा नात चार दिवस राहायला आली होती. तिने नुकतंच मुंबईत स्वतःचं घर थाटलंय. ऋतूप्रमाणे घराचं रूप बदलायचं, तेही जुन्या वस्तूंनी आणि जुन्या कापडांनी, अशी सध्या तिच्या मैत्रिणींत टूम आहे. चोरबाजारातून आणलेला पितळी दिवा, कुणाच्या तरी आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल असं काहीबाही ती हौसेने जमवते. मला म्हणाली, "आजी, तुझी ती काळी ट्रंक काढू या ना."

काढली. पलंगावर जुनी चादर अंथरून एकेक घडी तिच्यापुढे ठेवत गेले. चैत्रगौरीच्या आराशीमागे लावायची अंजिरी रंगाची जरीची साडी. गौरींसमोर घालायचा क्रोशाचा गोल रुमाल. काचेच्या मण्यांचं तोरण, त्यावर दोन पोपट आणि मध्ये 'सुस्वागतम्'. दिवाळीत लोड-तक्क्यांना घालायचे पांढरे अभ्रे, कोपऱ्यात परटाने बिब्ब्याने घातलेली खूण अजून तशीच. संक्रांतीची काळी चंद्रकळा. थंडीतली दुलई आणि सोलापूरची एक चादर.

नात हरखून गेली. फोटो काढून झाले. मग सहज म्हणाली, "आजी, पावसाळ्याचं काहीच कसं नाही गं यात? आणि रोजचं?"

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कुठलंही साधन हातात आलं की आधी विचारायचं, हे आपल्यापर्यंत पोचलं कसं आणि याच्याबरोबरचं बाकीचं गेलं कुठे, असं मुलांना घोकून घोकून सांगितलं. पण तोच प्रश्न मी स्वतःच्या ट्रंकेला कधी विचारला नव्हता. उत्तर मात्र मला ठाऊक होतं. सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचं बिऱ्हाड पुण्यात, नदीच्या बाजूच्या एका वाड्यात, तळमजल्यावर दोन खोल्यांत होतं. माणसं सात. एवढ्याशा जागेत सजावट म्हणून वेगळी वस्तू ठेवणार कुठे? तेव्हा घराचं रूप बदलायचं ते कापडानेच. चैत्रात जाड पांघरुणं धुऊन वर जात आणि गौरीची आरास खाली येई. दाराला वाळ्याचा पडदा लागे, दुपारी त्यावर पाण्याचा हबका मारायचा. मृग लागायच्या आत हे सगळं आवरून पुन्हा वर. मग खाली येत घोंगड्या, वाकळी, चौघड्या, दाराशी पोत्याची पायपुसणी. गणपतीच्या आधी तोरण आणि रुमाल, दिवाळीला अभ्रे, मार्गशीर्षात दुलया. 'वर' म्हणजे वाड्याच्या पोटमाळ्यावर. मालकांनी प्रत्येक बिऱ्हाडाला तिथे एका ट्रंकेपुरती जागा दिली होती. वर्षातून पाच-सहा वेळा तो जिना चढणं हे आईचं ठरलेलं काम. थोडक्यात, ज्या ऋतूचं सामान त्या ऋतूत खाली, आणि उरलेलं सगळं माळ्यावर.

आता या सामानाचं मूळ. घराच्या कापडांत किती इतिहास असतो बघा.

क्रोशाचा रुमाल आजीने विणलेला. क्रोशा आपल्याकडे आला तो एकोणिसाव्या शतकात, युरोपियन बायकांबरोबर आणि मिशनच्या शाळांमधून. पुढे मुलींच्या शाळा निघाल्या. पुण्यात १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक या मंडळींनी हुजूरपागा सुरू केली. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं. लिहिण्यावाचण्याबरोबर तिथे बायकांना शिवण-टिपणही शिकवत. आजी तिथल्या शिवणाच्या वर्गाला जायची. मुलीने शाळेत जाऊन काय केलं, या सासरच्या प्रश्नाला रुमाल हे दाखवता येण्याजोगं उत्तर होतं, असं ती म्हणे. अक्षरं ओळखायला शिकली ते मात्र कुणाला भिंतीवर टांगून दाखवता येत नव्हतं.

सोलापूरची चादर वडिलांच्या पहिल्या पगारातली. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. तिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. गिरण्यांच्या बरोबरीने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग तिथे घरोघर चालत. ती जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी चादर मध्यमवर्गाच्या घरात अशी काही रुजली, की आहेराला काय द्यायचं हा प्रश्नच मिटला.

आणि जे ट्रंकेत आलंच नाही, तेही सांगायला हवं. पणजोबांच्या वेळी बैठकीला विलायती छिटाचे अभ्रे होते, असं घरात सांगत. वंगभंगानंतर ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात मुठेपलीकडे विदेशी कपड्यांची होळी झाली. सावरकर तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकत होते, टिळकांचं भाषण झालं. आमच्या घरचे अभ्रे त्या होळीत गेले, अशी आठवण आजीने तिच्या सासूकडून ऐकलेली. सासूबाईंना स्वदेशी पटली होती, पण ते छीट फार सुरेख होतं, हेही त्या दर वेळी सांगत.

आईचं लग्न झालं महायुद्ध संपता संपता. सरकारने १९४३ मध्येच कापडावर नियंत्रण आणलं होतं. नवं कापड दुर्मिळ आणि महाग. मग आईने संसार मांडला तो जुन्यावर. माहेरून आलेली तिच्या आजीची विटलेली लुगडी, वडिलांची झिजलेली धोतरं, फाटके सदरे, काहीही टाकायचं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवर थर अंथरायचे, वर चांगल्यातलं लुगडं घालायचं, आणि कडेपासून आत चौकोनात चौकोन घालत धावदोरा टाकत मध्यापर्यंत यायचं. एकेका गोधडीला महिना-दीड महिना लागे. शेजारणी येऊन बसत, बोलता बोलता एकेक बाजू ओढत. अशा सात गोधड्या तिने शिवल्या, माणशी एक. माझीवर मध्यभागी हिरव्या खणाचा तुकडा होता. ताप आला की त्या खणावर बोट फिरवत पडून राहायचं, एवढं मला आठवतं. कुठला खण, कुणाचा, ते विचारायचं राहून गेलं.

मग १९६१ आलं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. निज ज्येष्ठ संपत आला होता आणि पाऊस कोसळत होता. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण पुरतं बांधून व्हायचं होतं, तरी त्यात पाणी साठलं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवायचा प्रयत्न केला. १२ जुलैला, बुधवारी सकाळी, ते फुटलं. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही टिकलं नाही. मी अकरा वर्षांची होते. शाळेतून अर्ध्यातच घरी पाठवलं. आईने आम्हा भावंडांना हाताला धरून पर्वतीकडे नेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी गेलो. ती निघताना एकदा मागे वळली, पण दाराच्या आत गेली नाही.

पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी वडील आणि काका जाऊन आले. पांढऱ्या मातीच्या भिंतींचे वाडे विरघळल्यासारखे बसले होते. आमच्या वाड्याची मागची भिंत कोसळली, तळमजला आढ्यापर्यंत चिखलाने भरला, पण पुढची बाजू आणि पोटमाळा तेवढा वाचला. पितळी भांडी चिखलातून उकरून काढली, पोचे आलेली. पण गोधड्या? पाणी प्यायलेली गोधडी दोन माणसांना उचलत नाही. तीन-चार सापडल्या, त्यांचाही लगदा झाला होता. खडकवासला गेल्यामुळे शहरात नळाला पाणी नव्हतं. वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरी पुन्हा उपसायला लागल्या. प्यायला पाणी नाही तिथे गोधड्या धुणार कशात? इतरांच्या गाळाबरोबर त्याही गाडीत भरून गेल्या.

आठवड्याने वडिलांनी माळ्यावरून ट्रंक उतरवली. कोरडी ठणठणीत. आत चैत्रगौर, गणपती, दिवाळी, संक्रांत, दुलई, सगळं जिथल्या तिथे. आईने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "सणवार तेवढे वाचले." त्या वर्षीचा पाऊस आम्ही मदतीत आलेल्या कांबळ्यांवर काढला.

हे सगळं नातीला सांगितलं तेव्हा माझं मलाच उमगलं, की आमच्या घराचा म्हणून जो काही जपलेला इतिहास आहे, तो जुलैत धरण फुटलं म्हणून असा आहे. तेच ऑक्टोबरात फुटलं असतं, तर ट्रंकेत गोधड्या राहिल्या असत्या आणि मणी-जर वाहून गेली असती. माझ्या नातीला आमचं घर फार गरिबाचं वाटलं असतं. आज तिला ते जरीचं आणि नक्षीचं वाटतं. दोन्ही अर्धवट.

पूर नसता तरी फार वेगळं झालं असतं असंही नाही म्हणा. जे रोज अंगावर घ्यायचं ते झिजणार, फाटणार, शेवटी त्याचं पायपुसणं होणार. वर्षातून दोन दिवस वापरलेलं मात्र शंभर वर्षं टिकतं. म्हणून जुन्या बाजारात सणाचं मिळतं, रोजचं फारसं मिळत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी ज्या काळात दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, त्या काळात लोकांना ते वेड वाटलं असेल. तो सगळा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने. घरातली साधी वस्तूसुद्धा वेळीच उचलून ठेवावी लागते, एरवी ती राहत नाही, हे त्या माणसाने फार लवकर ओळखलं. मी मुलांच्या सहली तिथे कितीदा नेल्या. घरी येऊन आईला तिच्या गोधड्यांबद्दल काही विचारून लिहून ठेवावं, हे मात्र सुचलं नाही. १९९८ मध्ये आई गेली.

ट्रंकेच्या तळाशी आईच्या दोन सुती नऊवारी आहेत. म्हातारपणी ती घरात नेसायची त्या. मऊसूत झाल्या आहेत, एक पदराशी विरलीय. इतकी वर्षं मी त्या फक्त दर आश्विनात बाहेर काढून, घड्या बदलून, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवत आले. (घड्या बदलाव्यात बरं का, नाहीतर कापड घडीवरच चिरतं. आणि जर असेल तर पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळावं, प्लॅस्टिकमध्ये कधीही नाही.) त्या रात्री नातीला म्हटलं, याची गोधडी करू या.

ती आधी बिचकली. "आजी, पणजीच्या साड्या कापायच्या?" मला तरी कुठे सोपं होतं! कात्री हातात घेऊन पाच मिनिटं बसले. आईने तिच्या आजीची लुगडी फाडताना इतका विचार केला असेल का, माहीत नाही. तिला पर्याय नव्हता. मला आहे, म्हणून हात अडखळत होता.

शेवटी कापल्या. आत नातीच्या बाबांचा शाळेतला सदरा, ह्यांचं एक जुनं धोतर आणि माझी शाळेत जायची निळी साडी घातली. सुईत दोरा ओवणं आता मला जमत नाही, ते नात करून ठेवते, आणि एका वेळी वीतभर टाके झाले की माझी मान भरून येते. चार दिवसांत दोन चौकोन झाले. उरलेलं ती महिन्यातून एकदा येईल तसतसं होईल.

ती म्हणत होती, झाल्यावर पावसाळ्यात भिंतीवर लावीन. मी म्हटलं, लाव की. पण थंडी वाजली तर काढून पांघर. फाटली तर पुन्हा वरून एक थर घालता येतो, गोधडीची तीच तर सोय आहे.

एक केलं मात्र. शिवायला घेण्याआधी वहीत मांडून ठेवलं, कुठला थर कुणाचा, कुठल्या साली घेतलेलं कापड, कोण ते नेसून काय करायचं. पहिल्याच पानावर त्या हिरव्या खणाची नोंद केली आहे. पुढे 'कुणाचा' या रकान्यात काही लिहिता आलं नाही.

तुमच्या घरी कुणी सांगणारं असेल, तर या आठवड्यात एखाद्या रोजच्या पांघरुणाबद्दल तेवढं विचारून घ्या.