काल्पनिक अंतराळयानें आणि निसर्गाचा जमाखर्च

पुष्पक विमानाविषयीं आपल्याकडे अशी आख्यायिका आहे कीं, त्यांत कितीहि माणसें बसलीं तरी एक आसन रिकामें राहतेंच. कवीच्या विमानास वजन नसतें, इंधन लागत नाहीं, आणि तें कोठें उतरवावें ही चिंताहि कोणास पडत नाहीं. परंतु गेल्या शंभर वर्षांत एक निराळाच वर्ग उदयास आला. जें यान आपल्या हातून कधींहि बांधलें जाणार नाहीं, त्याचे आराखडे या मंडळींनीं हौसेनें काढले, आणि ते काढतांना वजनाचा व इंधनाचा हिशेब पै-पैसकट मांडला. संगणकापुढें बसून अंतराळयानें रचणारे आजचे हौशी लोक याच परंपरेचे वारस होत. कल्पनेला मोकळीक कोठवर द्यावी आणि तिला लगाम कोठें घालावा, हा या परंपरेचा मुख्य प्रश्न आहे.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें १८६५ सालीं आपल्या नायकांना तोफेच्या गोळ्यांत बसवून चंद्राकडे धाडलें. तोफ उडतांच बसणाऱ्या धक्क्यानें त्या बिचाऱ्यांचा तत्क्षणीं अंत झाला असता; पण कादंबरींत तें चालून गेलें. १९०३ सालीं रशियांतील कालुगा या गांवचे शाळामास्तर कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनीं अग्निबाणाच्या गतीचें सूत्र प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून या विषयांत हिशेब शिरला. मागें फेंकल्या जाणाऱ्या वायूचा जो वेग, तेवढाच वेग यानास हवा असेल, तर सुटतेवेळचें वजन रिकाम्या यानाच्या २.७ पट असावें लागतें. दुप्पट वेगास ७.४ पट, आणि तिप्पट वेगास २० पट! म्हणजे वीस मणांपैकीं एकोणीस मण इंधनच. उरलेल्या एका मणांत यंत्रें, भिंती, माणसें आणि त्यांची शिदोरी. पृथ्वीभोंवतीं फिरत राहण्यास सेकंदाला सुमारें ७.८ किलोमीटर वेग लागतो, आणि रासायनिक इंधनाचा वायू सामान्यतः अडीच ते साडेचार किलोमीटर वेगानेंच बाहेर पडतो. हा पेंच कोणासहि चुकत नाहीं.

या सूत्राशीं मनापासून झुंज घेणारी एक हौशी मंडळी इंग्लंडांत होती. १९३३ सालीं लिव्हरपूल येथें फिलिप क्लीटर यांनीं ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापन केली; पुढें तिचें ठाणें लंडनास गेलें. १८७५ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यामुळें खासगी माणसांना अग्निबाणांचे प्रयोग करण्याची सोय नव्हती, आणि पैसा तर नव्हताच. तेव्हां त्यांनीं कागद व पेन्सिल यांचा आश्रय केला. एच. ई. रॉस, आर. ए. स्मिथ आणि सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यांत नोकरी करणारे तरुण आर्थर क्लार्क हे त्यांच्यांतील प्रमुख होत. जानेवारी १९३९ मध्यें सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचें चांद्रयान प्रसिद्ध झालें. वजन सुमारें एक हजार टन, प्रवासी तीन. घन इंधनाच्या जवळजवळ अडीच हजार नळ्या मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें थरांत बसविलेल्या; जळून गेलेली नळी टाकून द्यावयाची, म्हणजे तिचें ओझें पुढें वाहावें लागणार नाहीं. प्रवाशांस वजनाचा भास व्हावा म्हणून यान स्वतःभोंवतीं फिरतें ठेवावयाचें होतें. पण मग खिडकींतून तारेहि गरगरतांना दिसणार! त्यावर त्यांनीं आरशांचें एक उपकरण योजिलें, आणि तेवढें मात्र प्रत्यक्ष बांधून दाखविलें.

तीस वर्षांनीं, जुलै १९६९ मध्यें, या आराखड्याची परीक्षा झाली. अपोलो ११ मधून तीन माणसें चंद्राकडे गेलीं खरीं, पण त्यांना नेणारा सॅटर्न ५ हा अग्निबाण सुमारें २,९०० टनांचा होता, आणि त्याचें मुख्य इंधन द्रवरूप होतें. शिवाय सबंध यान चंद्रावर न उतरवितां, मुख्य यान चंद्राभोंवतीं फिरतें ठेवून लहान यानानें उतरण्याची युक्ति योजिली होती. अर्थात् इंग्रज मंडळींचा एक हजार टनांचा आंकडा फार आशावादी ठरला. परंतु रिकामा झालेला भाग टाकीत जाण्याची त्यांची पद्धत खरी ठरली. मुख्य गोष्ट ही कीं, त्यांची चूक किती आणि कोठें झाली हें आज नेमकें सांगतां येतें, कारण त्यांनीं आंकडे छापून ठेविले होते. पुष्पकाची चूक कोण काढणार?

त्याच १९६९ सालीं जिम स्टोरर या अमेरिकन शाळकरी मुलानें संगणकावर चंद्रावतरणाचा एक खेळ रचला. त्यांत चित्र नव्हतें. दर दहा सेकंदांनीं किती इंधन जाळावयाचें तो आंकडा टंकावयाचा, आणि उंची, वेग व शिल्लक इंधन यांचें उत्तर वाचावयाचें. उधळेपणा केला कीं इंधन अगोदर संपे आणि यान आपटे. जो हिशेब पूर्वी कागदावर महिनोन् महिने चाले, तो आतां खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होऊं लागला.

२००० सालीं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधक मार्टिन श्वायगर यांनीं ‘ऑर्बिटर’ हा संगणक-कार्यक्रम विनामूल्य प्रसिद्ध केला. २०२१ सालीं त्याची मूळ आज्ञावलीहि सर्वांस खुली झाली. त्यांत कोणासहि स्वतःचें यान घालतां येतें. रचणाऱ्यानें रिकामें वजन, इंधन, यंत्रांचा जोर, त्यांची जागा व दिशा इत्यादि गोष्टी द्यावयाच्या. बाकी सर्व न्यूटनच्या नियमांच्या स्वाधीन. बाह्य आकृति कितीहि डौलदार असो, यंत्राचा रोख गुरुत्वमध्यापासून ढळला कीं यान कोलांट्या खाऊं लागतें. याच कार्यक्रमांतील ‘डेल्टा-ग्लायडर’ हें काल्पनिक यान एका दमांत पृथ्वीच्या कक्षेंत जातें. याचें रहस्य एका आंकड्यांत आहे : त्याच्या यंत्रांतील वायूचा वेग सेकंदाला चाळीस किलोमीटर धरला आहे. रासायनिक इंधनाच्या हा सुमारें दसपट होय. असें यंत्र आज कोणापाशीं नाहीं. पण ही एक काल्पनिक रक्कम मान्य केली कीं पुढचा जमाखर्च चोख असतो.

२०११ सालीं मेक्सिकोंतून आलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या खेळांत याच्या उलट प्रकार आहे. तेथील यंत्रें बरीचशीं साधीं, पण जग काल्पनिक. ‘कर्बिन’ या ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीएवढें. असा ग्रह खरोखर असता तर तो पृथ्वीच्या दसपटीहून घन असता. ऑस्मियमसारखा जड धातूहि त्यापुढें हलका ठरला असता. त्या अशक्य ग्रहाचा लाभ हा कीं, सेकंदाला सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास वेग मिळाला कीं यान कक्षेंत जातें, आणि नवशिक्या मुलालाहि यश दिसूं लागतें.

या दोन्ही उदाहरणांत कल्पनेनें आपली जागा ओळखली आहे. एके ठिकाणीं ती यंत्रांत शिरली, दुसऱ्या ठिकाणीं ग्रहांत. पण कोठेंहि ती हिशेबाच्या प्रत्येक ओळींत लुडबुडली नाहीं. म्हणूनच ज्या मुलानें दहा यानें मोडून अकरावें कक्षेंत नेलें, त्याला त्सिओल्कोव्हस्कीच्या सूत्रांतील वीस मणांचा अर्थ घोकावा लागत नाहीं. या छंदाला कोणी पोरखेळ म्हणेल, आणि एका अर्थी तो आहेहि. पण या खेळांत लबाडी करणाऱ्याला निसर्ग लगेच पकडतो, आणि आपण कोठें चुकलों हें शोधीत पुन्हां आंकड्यांकडे वळावें लागतें. १९३९ सालीं लंडनांतील त्या मंडळींजवळ तरी याहून अधिक काय होतें?