नाव एकच, माती वेगळी : अक्रोडाच्या बागेतील दोन गांधीलमाश्या

कॅलिफोर्नियात पिकणारा अक्रोड मूळचा तिथला नाही. तो पर्शियन अक्रोड. बाजारात त्याला 'इंग्लिश' म्हणतात, पण इंग्लंडशी त्याचे नाते व्यापारी जहाजांपुरतेच. झाडापाठोपाठ त्याचा जुना वैरीही जुन्या जगातून तिथे पोहोचला : अक्रोडावरचा मावा. त्या माव्याला आवरणारे त्याचे नैसर्गिक शत्रू मात्र मागेच राहिले.

पानांच्या पाठीवर बसून हा मावा रस शोषतो. त्याच्या अंगातून झरणारा चिकटा पानाफळांवर साचतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. काळवंडलेले फळ उन्हात अधिक तापते व आतला गर बिघडतो. बागायतदार फवारणी करीत. मावा काही काळ हटे आणि पुन्हा येई.

१९५९ मध्ये कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅन डेन बॉश यांनी दक्षिण फ्रान्समधून 'ट्रायॉक्सिस पॅलिडस' ही गांधीलमाशी आणवली. आकाराने ती तांदळाच्या कणीहूनही लहान. मादी माव्याच्या शरीरात अंडे घालते. अळी त्याला आतून पोखरते. मरणाऱ्या माव्याचे फुगीर, कडक कवच उरते आणि त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात तिने बस्तान बसवले. मात्र अक्रोडाच्या विस्तीर्ण बागा होत्या मध्य खोऱ्यात. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा. फ्रेंच माशी तिथे तग धरू शकली नाही.

इथे प्रयोग फसला म्हणून फाईल बंद करता आली असती. व्हॅन डेन बॉश यांनी मात्र माशीऐवजी तिच्या माहेराकडे पाहिले. जाती एकच असली, तरी पिढ्यान्‌पिढ्या रणरणत्या मुलखात राहिलेली माशी वेगळी असणार. १९६८ मध्ये ते इराणच्या मध्यवर्ती पठारावरून तीच माशी घेऊन आले : शास्त्रीय नाव तेच, फक्त उष्णतेला आणि कोरड्या हवेला सरावलेली. कॅलिफोर्नियात सोडल्यावर दोन-तीन वर्षांतच ती मध्य खोऱ्यात दूरवर पसरली. माव्याचा जोर असा ओसरला की केवळ त्याच्यासाठी फवारणी करण्याची गरज बहुतेक बागांत उरली नाही. पर्शियन झाडाला अखेर पर्शियाचाच रखवालदार मिळाला, हा योगायोग तसा फारसा योगायोगही नव्हे.

तरी रखवालदाराला एक धोका होताच, तोही माणसाच्या हातचा. अक्रोडाचे फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगासाठी बागायतदार ॲझिनफॉस-मिथाइल फवारीत. त्यात पतंगाबरोबर गांधीलमाशीही मरे आणि मोकळ्या रानात मावा पुन्हा फोफावे. म्हणून १९८० च्या दशकात बर्कली येथे मार्जोरी हॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या निवड करीत या माशीचा असा वाण घडवला, जो त्या औषधाला अधिक दाद देत नसे. मग हा वाण अक्रोडाच्या बागांमध्ये सोडण्यात आला.