तिएन्त्सिनचे चार आरोपी

१८६०च्या पेकिंग करारानंतर उत्तर चीनमधल्या तिएन्त्सिन बंदरात ब्रिटिशांची वसाहत उभी राहिली. जमीन चीनची, पोलीस आणि नगरपालिका ब्रिटिशांची. अशा ठिकाणी चिनी चोर सापडला तर त्याचा खटला कुठे चालवायचा? ब्रिटिश कोर्टाचा अधिकार ब्रिटिश प्रजेपुरता. म्हणून रिवाज पडला: आपल्या पोलिसांनी आरोपी धरायचा, सकृद्दर्शनी पुरावा आहे एवढं बघायचं आणि शहरातल्या चिनी कोर्टाच्या हवाली करायचा. कारकुनी काम, त्यावर कोणी डोकं शिणवत नसे.

जुलै १९३७च्या अखेरीस जपान्यांनी शहर घेतलं. कोर्टाची पाटी चिनीच राहिली, धनी तेवढा बदलला. रिवाजाला मात्र कोणी हात लावला नाही.

९ एप्रिल १९३९ रोजी वसाहतीतल्या ग्रँड थिएटरमध्ये जपानधार्जिण्या बँकेचा व्यवस्थापक चंग शी-कंग याचा खून झाला. ब्रिटिश पोलिसांनी चौघांना धरलं आणि परत देण्याच्या बोलीवर काही दिवस जपान्यांकडे चौकशीला दिलं. तेवढ्यात दोघांनी गुन्हा कबूल केला. परत आल्यावर ते म्हणाले, छळ करून वदवून घेतलं. स्थानिक ब्रिटिश वकिलातीचा कल चौघांना देऊन टाकण्याकडे होता. लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स अडून बसले.

१४ जूनला जपान्यांनी वसाहतीची नाकेबंदी केली. नाक्यांवर ब्रिटिश माणसांना कपडे उतरवायला लावून झडत्या घेतल्या, खाण्यापिण्याचा माल अडवून धरला. ब्रिटनमध्ये संताप उसळला. पण युरोपात हिटलर उभा असताना आरमार पूर्वेकडे पाठवणार कोण? २४ जुलैला टोकियोत राजदूत क्रेगी आणि परराष्ट्रमंत्री अरिता यांचा समझोता जाहीर झाला: चीनमधल्या जपानी सैन्याच्या सुरक्षेच्या ‘विशेष गरजा’ ब्रिटनला मान्य. मग ऑगस्टमध्ये पुरावा आता पुरेसा असल्याचं ब्रिटिश सरकारला अचानक जाणवलं. रिवाजाची अट पुरी झाली, कागद बिनचूक झाला!

चौघांसाठी लंडनच्या कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला, तो फेटाळला गेला. माणसं परकी, मुलूखही परका, हे कारण. म्हणजे राजाचे पोलीस तिथे माणसाला धरू शकतात, राजाचं कोर्ट सोडवू शकत नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच. नाकेबंदीपुढे वाकणं निदान नाइलाजाचं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, युरोपात युद्ध पेटलं त्याच आठवड्यात, चौघांना जपान्यांच्या मुठीतल्या कोर्टाकडे सोपवलं. पुढे त्यांना देहदंड झाला. एवढं करूनही नाकेबंदी उठली नाही. वसाहतीतल्या बँकेत चिनी सरकारची चांदी होती आणि जपानला तीही हवी होती. त्या चांदीचा निकाल लागून नाके खुले झाले ते जून १९४०मध्ये.